फोनच्या पोटातील संगणक

सुशिक्षितांच्या घरांतून आज दोन यंत्रे सहसा दृष्टीस पडतात. एक हातात किंवा खिशात असते, दुसरे टेबलावर. टेबलावरील यंत्रावर हिशेब मांडले जातात, अर्ज आणि निबंध लिहिले जातात, इमारतींचे आराखडे तयार होतात, आणि इतर यंत्रे ज्यांच्या बळावर चालतात ते प्रोग्रामही तेथेच लिहिले जातात. हातातील यंत्रावर मुख्यतः पाहणे, ऐकणे आणि निरोप धाडणे चालते. एक यंत्र निर्मितीचे आणि दुसरे उपभोगाचे, ही वाटणी लोकांच्या मनात इतकी रुजली आहे की ती त्या यंत्रांच्या अंगच्या बळातूनच निघाली असावी, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु कित्येक घरी टेबलावरील यंत्र मुळी नसतेच. तेथल्या मुलामुलींना जे काही शिकावयाचे आणि घडवावयाचे ते हातातील फोनवरच. म्हणून ही वाटणी खरोखरच यंत्रांच्या स्वभावातली आहे, की माणसांनी घालून दिलेली आहे, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

प्रथम बळाचा विचार करू. १९९१ च्या जानेवारीत फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी एक संगणक विकत घेता झाला. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या त्या यंत्राची स्मृती ४ मेगाबाइट होती. त्याच यंत्रावर त्याने त्या वर्षी लिनक्सचा पाया घातला, आणि २५ ऑगस्टला आपल्या उद्योगाची वार्ता जगाला दिली. आजच्या साध्या फोनची स्मृतीही बहुधा ४ गिगाबाइट किंवा त्याहून अधिक असते, म्हणजे त्या यंत्राच्या हजारपटीहून जास्त. ज्या यंत्राच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या स्मृतीवर लिनक्सचा जन्म झाला, ते यंत्र लिनक्स चालविण्यास दुबळे आहे, असे कोण म्हणेल?

याहून मौजेची गोष्ट निराळीच आहे. ज्या फोनांवर अँड्रॉइड ही कार्यप्रणाली असते, त्या प्रत्येक फोनच्या गाभ्यात लिनक्स आधीपासूनच बसलेले आहे. हे नीट उमजण्यासाठी लिनक्स म्हणजे नेमके काय, ते पाहावे लागेल. टोरवाल्ड्सने लिहिला तो कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. प्रोसेसरचा वेळ कोणाला किती द्यावयाचा, स्मृतीची वाटणी कशी करावयाची, फायली कोठे ठेवावयाच्या, पडदा आणि कळफलक यांचे बोलणे कसे ऐकावयाचे, हा सारा कारभार कर्नेल पाहतो. पण नुसत्या कर्नेलने माणसाचे काम भागत नाही. त्याच्यावर साधनांचा आणि प्रोग्रामांचा मोठा संसार उभा करावा लागतो. हा संसार उभारण्याचे काम अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ या नावाने जाहीर केले होते. त्यांची साधने आणि टोरवाल्ड्सचा कर्नेल एकत्र आले, त्यांत इतरांनी पडद्यावरील चौकटी, लेखनाची व हिशेबाची साधने यांची भर घातली, आणि टेबलावरील लिनक्स सिद्ध झाले. १९९३ साली सुरू झालेले डेबियन आणि २००४ साली निघालेले उबुंटू ही त्याची दोन सुपरिचित रूपे होत.

अँड्रॉइडची कथा थोडी वेगळ्या वाटेने जाते. ह्या नावाची कंपनी २००३ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली, २००५ साली गूगलने ती विकत घेतली, आणि २००८ साली अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात आला. तिच्या रचनाकारांनी कर्नेल लिनक्सचाच घेतला, पण त्याच्यावर ग्नूचा संसार मांडला नाही. मूळ साधनसंच त्यांनी स्वतंत्र लिहिला, पडद्यावर चित्र काढण्याची व्यवस्था निराळी केली, आणि प्रत्येक ॲपला राहण्यासाठी जणू एक वेगळी खोली दिली. जोते तेच, पण त्यावरील वाडा मात्र सर्वस्वी दुसरा, असा हा प्रकार आहे.

ह्या वाड्याची शिस्त मोठी कडक आहे. प्रत्येक ॲप हे जणू एक बिऱ्हाड. त्याने आपल्या खोलीत वाटेल ते करावे, परंतु शेजारच्या खोलीत डोकावू नये, आणि जोत्याला तर हातही लावू नये. कर्नेलच्या दप्तरी प्रत्येक ॲपची नोंद एका स्वतंत्र वापरकर्त्याच्या क्रमांकाने होते, त्यामुळे एकाची फाईल दुसऱ्यास वाचता येत नाही. सर्वाधिकाराचा जो वापरकर्ता, ज्याला लिनक्सच्या परिभाषेत ‘रूट’ म्हणतात, त्याची किल्ली फोनच्या खरेदीदारास दिली जात नाही. ही शिस्त उगाच आहे असे मात्र म्हणता यावयाचे नाही. फोनमध्ये माणसाचा बँकेचा व्यवहार असतो, पत्रव्यवहार असतो, घरच्यांची छायाचित्रे असतात. एखादे लबाड ॲप आत शिरलेच, तर ते आपल्याच खोलीत अडकून पडावे, हा त्यातला हेतू योग्यच आहे. तथापि तिचा परिणाम असा होतो की यंत्राचे पैसे देणारा माणूस स्वतःच्याच वाड्यात बिऱ्हाडकरू म्हणून राहतो.

असल्या वाड्यात टेबलावरील लिनक्सचा संसार कसा थाटावयाचा? जाणत्यांनी त्यासाठी तीन वाटा शोधून काढल्या आहेत.

पहिली वाट किल्ली मिळविण्याची. फोनचे कुलूप काढून रूटचा अधिकार हस्तगत करावयाचा, आणि मग ‘सी-एच-रूट’ नावाची जुनी युक्ती योजावयाची. ही युक्ती युनिक्स कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली आली. फायलींचा सारा पसारा एका वृक्षासारखा असतो. त्याचे मूळ अमुक फांदीपाशी आहे, असे एखाद्या प्रोग्रामास सांगितले की तो तेवढ्या फांदीलाच संपूर्ण वृक्ष समजू लागतो. त्या फांदीवर डेबियनच्या फायली रचून ठेवल्या म्हणजे अँड्रॉइडच्या कर्नेलवरच डेबियनचे प्रोग्राम पूर्ण वेगाने धावू लागतात. एका जोत्यावर दोन वाडे नांदतात ते असे. पण ह्या वाटेची किंमत जबर आहे. कुलूप काढताना फोनमधील माहिती सामान्यतः पुसली जाते, हमीवर पाणी सोडण्याची पाळी येऊ शकते, बँकांची कित्येक ॲपे अशा फोनवर चालण्यास नकार देतात, आणि किल्ली आपल्या हाती आली म्हणजे ती चोराच्या हाती जाण्याचा धोकाही वाढतो. काही निर्माते तर कुलूप काढण्याची सोयच ठेवीत नाहीत.

दुसरी वाट अधिक चतुराईची आहे. तीत किल्लीची गरजच पडत नाही. २०१५ साली ‘टर्मक्स’ नावाचे एक ॲप निघाले. फ्रेड्रिक फोर्नवॉल हे त्याचे कर्ते. अँड्रॉइडने दिलेल्या एका खोलीच्या आतच ग्नूची साधने चालविण्याची सोय ह्या ॲपने केली. त्याच्या जोडीला ‘पी-रूट’ नावाचा प्रोग्राम येतो. त्याला दुभाषा म्हटले तर ते यथार्थ होईल. डेबियनचा एखादा प्रोग्राम कर्नेलकडे मागणी करतो की, वृक्षाच्या मुळापाशी असलेली अमुक फाईल मला दे. दुभाषा ती मागणी वाटेतच अडवितो, तिच्यातला पत्ता बदलून टर्मक्सच्या खोलीतल्या एका कपाटाचा पत्ता घालतो, आणि मग ती पुढे धाडतो. कर्नेलला वाटते की बिऱ्हाडकरू आपल्याच खोलीत वावरत आहे, आणि प्रोग्रामला वाटते की आपण सबंध वाड्याचे धनी आहो. दोघांचेही समाधान होते. मात्र प्रत्येक मागणी दुभाष्याच्या हातून जात असल्यामुळे वेळ खर्च होतो. नुसती आकडेमोड करणाऱ्या कामास हा विलंब फारसा जाणवत नाही, पण घडोघडी लहानलहान फायली उघडणारे काम चांगलेच मंदावते.

ह्या रीतीने डेबियन बसविण्याचे काम आज थोड्याशा आज्ञांनी उरकते. त्यानंतर पडद्याचा प्रश्न येतो. डेबियनला स्वतःच्या चौकटी, चिन्हे आणि माउसचा बाण काढावयाचा असतो, पण फोनचा पडदा अँड्रॉइडच्या ताब्यात असतो. ह्यावर तोडगा असा की, डेबियनने आपले चित्र एका काल्पनिक पडद्यावर काढावे, आणि अँड्रॉइडमधील दुसऱ्या एका ॲपने ते चित्र उचलून खऱ्या पडद्यावर दाखवावे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यापाशी पाहण्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील केंब्रिज येथे ‘व्ही-एन-सी’ नावाची पद्धत बसविण्यात आली होती. तीच येथे उपयोगी पडते, फरक इतकाच की दोन्ही संगणक एकाच फोनच्या पोटात असतात. एक्सएफसीई यासारखी हलकी चौकटव्यवस्था निवडली, फोनला कळफलक व माउस जोडले, आणि फोनच्या खाचेतून चित्र बाहेर काढण्याची सोय असल्यास मोठा पडदा लावला, की टेबलावरील संगणकात आणि ह्यात वरवर पाहणाऱ्यास भेद दिसू नये.

तिसरी वाट सर्वांत नवी. तिच्यात पाहुण्याला वाड्यातील खोली न देता आवारातच स्वतंत्र जोते बांधून दिले जाते. यंत्राच्या आत दुसरे आभासी यंत्र निर्माण करावयाचे आणि त्यात लिनक्सचा स्वतःचा कर्नेल सुरू करावयाचा, ही ती पद्धत. २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ मध्ये ह्या कामासाठी लागणारी चौकट गूगलने घातली, आणि मार्च २०२५ मध्ये आपल्या पिक्सेल फोनांवर ‘टर्मिनल’ नावाचे ॲप देऊन त्यातून डेबियन चालविण्याची मुभा दिली. ही मुभा विकसकांसाठी राखलेल्या मांडणीत जाऊन स्वतः सुरू करावी लागते, आणि सर्वच फोनांचे प्रोसेसर व निर्माते तिला अनुकूल नाहीत. तरी एवढे खरे की, जे काम हौशी मंडळी कित्येक वर्षे खिडकीतून करीत होती, त्याला अखेर दारातून प्रवेश मिळाला.

ह्या तिन्ही वाटांपूर्वी आणि त्यांच्या बरोबरीने मोठ्या कंपन्यांनीही हा खेळ मांडून पाहिला होता, आणि त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. २०११ साली मोटोरोलाने ‘एट्रिक्स’ नावाचा फोन काढला. एका रिकाम्या लॅपटॉपसारख्या साच्यात तो बसविला की उबुंटूच्या आधारे रचलेला डेस्कटॉप समोर येई. पुढच्याच वर्षी कंपनीने ती योजना गुंडाळली. २०१२ साली उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने अँड्रॉइडबरोबर एकाच फोनवर उबुंटू नांदविण्याचा मनोदय जाहीर केला, पण बाजारात असा फोन आला नाही. २०१३ साली तिने ‘उबुंटू एज’ ह्या फोनसाठी लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. सुमारे १ कोटी २८ लाख जमले, ठरलेला आकडा गाठता आला नाही, आणि लोकांचे पैसे परत गेले. २०१७ साली सॅमसंगने हेच स्वप्न हाती घेतले. नोव्हेंबर २०१८ मध्ये निवडक यंत्रांवर ‘लिनक्स ऑन डेक्स’ चाचणीसाठी देण्यात आले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने कळविले की अँड्रॉइड १० पासून ही सोय मिळणार नाही. ज्यांनी नवी आवृत्ती घेतली त्यांच्या फोनवरचे ते लिनक्स नाहीसे झाले.

कंपन्यांना दोष देऊन येथे थांबता येणार नाही. वस्तू खपत नसेल तर ती बंद करण्याचा व्यापाऱ्यास अधिकार आहे. परंतु त्या वस्तूच्या आधाराने ज्याने आपले काम उभे केले त्याची गत काय, हाच ह्या विषयातला खरा प्रश्न होय. हौशी मंडळींच्या वाटेवरही हे संकट आलेच. अँड्रॉइड १० साठी बांधलेल्या ॲपांना आपल्या खोलीत उतरवून घेतलेले प्रोग्राम थेट चालविण्यास मनाई झाली. २०२० च्या अखेरीस प्ले स्टोअरवरील ॲपांनी ह्या नियमाच्या कक्षेत यावे असे ठरले, आणि टर्मक्सच्या कर्त्यांना तेथील आवृत्तीत भर घालणे थांबवावे लागले. मुक्त प्रोग्रामांचे ‘एफ-ड्रॉइड’ हे भांडार मग त्यांचा मुख्य आधार झाले. प्ले स्टोअरसाठी वेगळी बांधणी पुढे झाली, पण ती मधली काही वर्षे गेल्यानंतर. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने तर ॲपांनी पोटात सुरू केलेल्या प्रक्रियांवर एकूण ३२ ची मर्यादा घातली. टेबलावरील लिनक्सला इतक्या प्रक्रिया सहज लागतात, त्यामुळे चालता चालता डेस्कटॉप अकस्मात मावळू लागला. नंतरच्या आवृत्त्यांत हा निर्बंध उठविण्याची कळ विकसकांच्या मांडणीत ठेवण्यात आली. ह्या दोन्ही नियमांमागे सुरक्षिततेचा आणि बॅटरी वाचविण्याचा विचार होता, हे नाकारता येत नाही. पण दुष्टाला अडविण्यासाठी बांधलेली भिंत विद्यार्थ्यालाही अडविते, हेही तितकेच खरे.

मग ह्या खटाटोपाचा सामान्य माणसास उपयोग काय? मोठी चित्रफीत जुळविण्यास किंवा भारी खेळ खेळण्यास हे साधन नव्हे. फोनचे प्रोसेसर ‘आर्म’ जातीचे असतात, त्यामुळे केवळ इंटेलसाठी बांधलेले प्रोग्राम त्यांवर भाषांतराच्या आधाराने आणि म्हणून मंदगतीनेच चालतात. फोन तापतो, बॅटरी लवकर उतरते. परंतु पायथन किंवा सी ह्या भाषांत प्रोग्राम लिहिणे, ते तपासणे, लिब्रेऑफिससारख्या साधनात दीर्घ लेख वा हिशेबाचे तक्ते तयार करणे, संगणकाचा कारभार आतून कसा चालतो ते शिकणे, ही कामे तो उत्तम करतो. जी आज्ञा मोठ्या कार्यालयातील सर्व्हरवर चालते तीच येथे चालते, तेच प्रोग्राम, तीच शिस्त. शिकणाऱ्याला वेगळे, लुटुपुटीचे काही शिकावे लागत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना येथे आवश्यक आहे. नव्याने बसविलेल्या लहानशा डेबियनमध्ये देवनागरीचे टंक बहुधा नसतात, आणि मराठी मजकुराच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. त्यामुळे यंत्राला मराठी येत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये. ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ ह्या नावांचे देवनागरी टंक मुक्तपणे मिळतात. ते बसविले आणि इन्स्क्रिप्टसारखी कळरचना निवडली, की त्या चौकटींची अक्षरे होतात. लिब्रेऑफिसमधील आज्ञांची नावेही मराठीत करून घेता येतात. हे सारे कोणा एका व्यापाऱ्याच्या मर्जीने झालेले नाही. ज्यांना आपली भाषा यंत्रावर हवी होती, अशा अनेकांनी ते थोडेथोडे करून ठेवले आहे, आणि प्रोग्राम खुला असल्यामुळेच त्यांना ते करता आले.

दुसरी सूचना सावधगिरीची. टर्मक्सच्या खोलीत उभारलेला सर्व संसार त्या ॲपच्या मालकीचा असतो. ॲप काढून टाकले की डेबियन जाते, आणि त्यात साठविलेले लेखनही जाते. म्हणून आपल्या कामाची प्रत दर आठवड्यास बाहेर, दुसऱ्या यंत्रावर किंवा साठवणीच्या पट्टीवर, ठेवण्याचा परिपाठ असावा. रूटच्या किल्लीचा मोह ज्या फोनवर बँकेचा व्यवहार चालतो त्यावर तरी टाळावा. घरात जुना फोन पडून असेल तर त्यावरच हा प्रयोग करणे शहाणपणाचे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. निर्मितीचे यंत्र आणि उपभोगाचे यंत्र ही वाटणी लोखंडाने किंवा सिलिकॉनने केलेली नाही. ती वाड्याच्या नियमांनी केलेली आहे, आणि नियम माणसांचे असल्यामुळे ते बदलतात, कधी उदार होतात, कधी आवळले जातात. २०१९ साली एका कंपनीने दिलेली सोय काढून घेतली, २०२५ साली दुसरीने नवी दिली, आणि उद्या काय होईल ते तिच्या हिशेबावर अवलंबून आहे. ह्या सर्व काळात जे टिकून राहिले ते डेबियन. वाडे बदलले, दारे उघडली आणि मिटली, पण डेबियनची प्रत कोणीही, केव्हाही, विनामूल्य घ्यावी आणि जेथे जागा मिळेल तेथे ती उभी करावी, ही मोकळीक कायम राहिली.

ज्या घरात टेबलावरील संगणक नाही तेथील विद्यार्थ्याने हे ध्यानी घ्यावे. त्याच्या हातातील यंत्र दुबळे नाही. त्यावर घडविण्याची विद्या शिकता येते, आणि शिकलेली विद्या व लिहिलेल्या फायली ह्या फोन बदलला तरी बरोबर नेता येतात. किल्ली दुसऱ्याच्या हाती असलेल्या वाड्यात राहावयाचे, तर निदान आपले सामान केव्हाही उचलून नेता येईल अशा रीतीने बांधून ठेवावे.